विम्याचें कोटेशन आणि दिलेला शब्द

मोटारीच्या विम्याचा हप्ता आज एक सांगितला जातो आणि पैसे भरतेवेळीं दुसराच निघतो. "शब्द फिरविला" असें गृहस्थ म्हणतो. "तो केवळ अंदाज होता" असें प्रतिनिधि म्हणतो. या वादांत खरें कोणाचें?

१८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत तो मागें घेतां येतो. तेव्हां कोटेशन म्हणजे वचन नव्हे. तथापि सारा हप्ता चंचल नसतो. त्रयस्थाच्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवितें; तो प्रतिनिधीच्या मर्जीनें हलत नाहीं. हलतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. गाडीची किंमत कमी धरली, कीं हप्ता उतरतो. पण गाडी चोरीस गेल्यास भरपाईही तितकीच उतरते. गतवर्षीं भरपाई घेतल्याचें सांगितलें नाहीं, तर 'नो क्लेम बोनस' चुकीचा धरला जातो व पडताळणींत हप्ता चढतो.

म्हणून आम्ही वाचकांस सुचवितों, कीं दोन कोटेशनें ताडतांना धरलेली किंमत, बोनस आणि जादा संरक्षणें समान आहेत ना, हें प्रथम पाहावें व आंकडा लेखी घ्यावा. मात्र रुसून मुदत जाऊं देऊं नये. ती संपून ९० दिवस उलटले, कीं ५० टक्क्यांपर्यंत सांठलेला बोनस बुडतो. आणि मध्यंतरीं अपघात झाला, तर जखमी माणसाच्या भरपाईचा भार घरावर येतो. थोड्या रुपयांच्या वादासाठीं एवढें संकट ओढवून घेणें शहाणपणाचें नव्हे.