ब्रेक सापडला, पण पाय पोहोचला नाही

कर्वेनगरातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मधुमेहाची चिठ्ठी दाखवा. मेटफॉर्मिनच्या जोडीला अनेकदा सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिनची स्ट्रिप निघते. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र संशोधकांची मोठी आशा पीटीपी-१बी या वेगळ्याच एन्झाइमवर होती. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटले की त्यावर फॉस्फेट चढतात आणि साखर आत घेण्याचा निरोप पुढे जातो. पीटीपी-१बी ते फॉस्फेट उतरवते, म्हणजे निरोपाला ब्रेक लावते. १९९९ साली हे एन्झाइम नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांना इन्सुलिन अधिक लागू पडे आणि चरबीचे खाणे देऊनही ते फारसे लठ्ठ होत नसत. आता गोळी आलीच, असे वाटावे असाच हा पुरावा होता.

गोळी आली नाही. या एन्झाइमच्या खोबणीत बसायला रेणू विद्युतभारित लागतो, आणि असा रेणू पेशीचे आवरण सहजी ओलांडत नाही. शिवाय टीसी-पीटीपी हे पीटीपी-१बीचे सख्खे भावंड दिसायला तसेच, त्यामुळे औषध चुकून त्यालाही रोखू शकते. ते नसलेले उंदीर काही आठवड्यांतच दगावतात. एर्टिप्रोटाफिब हे औषध मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यातच थांबले. उलट डीपीपी-४ हे दुसरे एन्झाइम रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या अंगाला, हाताशी असते. ते रोखणारे सिटाग्लिप्टिन २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. भारतात विल्डाग्लिप्टिनचे पेटंट २०१९ मध्ये, तर सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये संपले आणि किमती उतरल्या. एन्झाइम महत्त्वाचे असणे वेगळे आणि औषधाच्या आवाक्यात असणे वेगळे, हाच या काळाचा धडा.

यावर कोणी म्हणेल, डीपीपी-४ रोखून इन्सुलिनला होणारा मूळ विरोध कुठे सुटतो? आक्षेप रास्त आहे. या गोळ्या साखर वाढलेली असताना इन्सुलिन स्रवायला मदत करतात. पेशीतला अडलेला निरोप त्या मोकळा करत नाहीत. पण ते मूळ तरी एकाच ब्रेकमध्ये आहे का? त्यात अंगातल्या चरबीचाही वाटा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचा बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या शरीराची ही घडण गर्भापासूनच सुरू होते, असे पुण्यातले संशोधन सांगते. म्हणून पीटीपी-१बीचा शोध चालू राहावा, पण गोळीची वाट पाहत आईच्या पोषणाकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही.