टॉवर हॅम्लेट्स : लंडनच्या एका अंतर्नगर विभागाचे स्वरूप

प्रस्तावना

महानगराच्या व्यापारी केंद्राला लागून असलेली दाट श्रमिक वस्ती हा नागरी समाजशास्त्रातील महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. लंडनच्या पूर्वेकडील टॉवर हॅम्लेट्स हे अशा वस्तीचे ठळक उदाहरण होय. लंडनमध्ये ३२ ‘बरो’ असून प्रत्येक बरोला स्वतःचे निर्वाचित मंडळ असते. स्टेपनी, पॉप्लर व बेथ्नल ग्रीन हे तीन जुने बरो एकत्र करून १९६५ मध्ये टॉवर हॅम्लेट्सची निर्मिती झाली. सुमारे २० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात २०२१ च्या जनगणनेनुसार ३ लाख १० हजारांहून अधिक लोक राहतात. इंग्लंडमध्ये याहून दाट वस्तीचा स्थानिक प्रशासकीय विभाग नाही. श्रीमंती व दारिद्र्य यांचा या विभागातील संबंध कसा बदलत गेला, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात परामर्श घेतला आहे.

स्थलांतरितांची वस्ती

नवागतांना आश्रय देणे हे या विभागाचे जुने वैशिष्ट्य आहे. १६८५ नंतर फ्रान्समधील धर्मछळामुळे ह्यूगनो प्रोटेस्टंट विणकर स्पिटलफील्ड्स भागात मोठ्या संख्येने आले व तेथे रेशीम विणकाम भरभराटीस आले. १८८० नंतर रशियन साम्राज्यातून ज्यू आले, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्हेटचे बंगाली स्थिरावले. शिवणकामाचा व्यवसाय ज्यूंकडून बंगाल्यांकडे आला. ब्रिक लेनवरील एकाच वास्तूत हा इतिहास साठलेला आहे. १७४३ मध्ये ह्यूगनोंनी बांधलेले हे प्रार्थनागृह पुढे मेथडिस्टांकडे गेले, १८९८ मध्ये ते सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून तेथे मशीद आहे. मात्र हे सहजीवन संघर्षाविना घडलेले नाही. १९३६ मध्ये केबल स्ट्रीटवर फॅसिस्टांचा मोर्चा रहिवाशांनी रोखला. १९७८ मध्ये अल्ताब अली या तरुण कामगाराची वंशद्वेषातून हत्या झाली. त्याचे नाव आज तेथील एका उद्यानास दिलेले आहे.

पॉप्लरचा लढा

गोदी हा येथील उपजीविकेचा मुख्य आधार होता. परंतु गोदीतील काम रोजंदारीचे व अनिश्चित असे. त्या काळी बेरोजगारांच्या साहाय्याचा भार ज्या त्या बरोवरच पडत असे. परिणामी जेथे गरीब अधिक, तेथे करही अधिक, अशी विपरीत स्थिती होती. १९२१ मध्ये जॉर्ज लान्सबरी यांच्या नेतृत्वाखाली पॉप्लरच्या मंडळाने लंडन काउंटी कौन्सिलसह इतर संस्थांसाठी कर गोळा करण्यास नकार दिला. ३० सदस्य तुरुंगात गेले. अखेर हा भार सर्व बरोंमध्ये अधिक न्याय्य रीतीने वाटणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला. पुढे १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी आलेल्या महात्मा गांधींनी याच परिसरातील बो येथील किंग्जली हॉलमध्ये, श्रमिकांच्या वस्तीत, मुक्काम केला.

गोदीकडून मनोऱ्यांकडे

१८०२ मध्ये सुरू झालेली वेस्ट इंडिया गोदी १९८० मध्ये बंद पडली. पेटीबंद मालवाहतुकीच्या मोठ्या जहाजांना नदीच्या मुखाकडील बंदरेच सोयीची होती. १९८१ मध्ये शासनाने नेमलेल्या विकास महामंडळाकडे गोदी क्षेत्राच्या नियोजनाचे अधिकार गेले. निर्वाचित मंडळाचे स्थान त्यात गौण ठरले. कॅनरी व्हार्फ हे वित्तीय केंद्र येथेच उभे राहिले व त्यातील वन कॅनडा स्क्वेअर हा मनोरा १९९१ मध्ये पूर्ण झाला. नोकऱ्या वाढल्या, परंतु गोदी कामगाराचे कौशल्य त्या नोकऱ्यांच्या उपयोगी पडणारे नव्हते. आजही घरखर्च वजा केल्यास येथील बालदारिद्र्याचे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांत मोडते.

निष्कर्ष

१९२१ मध्ये श्रीमंत व गरीब वेगवेगळ्या बरोंत राहत होते. म्हणून बरोंमधील करभाराचे समान वाटप हा न्याय्य उपाय ठरला. आज दोन्ही वर्ग एकाच सीमेच्या आत आहेत. त्यामुळे संपूर्ण विभागाची सरासरी येथील वास्तव झाकते. नगरविकासाचे मूल्यमापन करताना किती उत्पन्न निर्माण झाले यासोबतच जुन्या रहिवाशाला तेथे राहणे परवडते काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. मुंबईच्या गिरणगावातील बदलांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हाच प्रश्न उपयुक्त ठरावा.