चाळणी कोणाच्या हाती?

शाळा-ग्रंथालयांतील इंटरनेटला चाळणी हवी, याबद्दल माझे दुमत नाही. बालकांचे लैंगिक शोषण दाखविणारा मजकूर प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब अन्वये गुन्हा आहे. ही तरतूद २००९ पासून अमलात आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली आपल्या शाळांना चाळणी बसविण्यास सांगितले. माझा प्रश्न तिच्या रीतीचा आहे.

ढोबळ चाळणी निषिद्ध संकेतस्थळांच्या आणि शब्दांच्या यादीवर चालते. शब्दाचा संदर्भ तिला कळत नाही. 'बलात्कार' हा शब्द अडविला की अश्लील चित्रफितीबरोबर १९७२चे मथुरा प्रकरणही अडते, आणि त्यातून १९८३ साली बदललेला कायदाही. कलम ६७ ब मात्र विज्ञान, साहित्य, कला व शिक्षण यांसाठीच्या मजकुराला सूट देते. हा विवेक यंत्राजवळ नाही.

ज्याच्या घरी संगणक आहे, त्याचे यात काही अडत नाही. पण चाकणला कंत्राटी काम करणाऱ्या बापाचा एकुलता मोबाइल त्याच्याबरोबर पाळीला जातो. त्याच्या पिंपरीतल्या मुलीला ग्रंथालयाचाच आधार. म्हणजे चाळणी सर्वांसाठी, अज्ञान मात्र आमच्या वाट्याला!

अमेरिकेतील २००० सालचा असाच कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली उचलून धरला. प्रौढ वाचक ग्रंथपालाला सांगून अडथळा काढून घेऊ शकतो, हे त्यामागचे एक कारण होते. आपणही मागावे: यादी उघड करा, दाद मागण्याची सोय करा आणि अडलेले पान उघडण्याचा अधिकार शिक्षक-ग्रंथपालांना द्या. मुलांचे रक्षण करायचे ते शोषणापासून. शोषणाच्या ज्ञानापासून नव्हे.