एका दिवसाचे पाच अर्थ : प्राचीन पंचांगे, ग्रहवार आणि शब्द

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरातील एका भिंतीवर कोणा अनामिकाने एक टिपण कोरून ठेवले आहे. नीरो आणि कॉसुस लेंतुलुस हे कॉन्सल असताना, म्हणजे इ. स. ६० मध्ये, ते लिहिले गेले. मजकूर अगदी त्रोटक आहे. प्रथम दिनांक : फेब्रुवारीच्या ‘ईदूस’पूर्वीचा आठवा दिवस. त्यानंतर ‘सूर्याचा दिवस’. त्यानंतर चंद्राचे वय. त्याचा आकडा काहीशा विचित्र रीतीने लिहिलेला असून तो सोळा असा वाचला जातो. शेवटी कूमाए गावी आज बाजार आणि पॉम्पेईचा बाजार ईदूसपूर्वी पाचव्या दिवशी, अशी नोंद. हे लिहिणारा कोणी विद्वान असावा असे मानण्यास आधार नाही. बहुधा बाजारहाट करणाराच कोणी असावा. तथापि त्या एका ओळीत एकाच दिवसाला चार वेगवेगळ्या गणनांनी ओळखले आहे, आणि या चारही गणनांची कुळे परस्परांहून भिन्न आहेत. प्राचीन काळी ‘दिवसाचा अर्थ’ म्हणजे काय होते, हे समजून घेण्यास याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

पहिली गणना रोमच्या नागरी पंचांगाची. रोमन महिन्यात दिवस एकापासून तिसापर्यंत ओळीने मोजीत नसत. कालेंदाए, नोनाए आणि ईदूस या तीन खुणा ठरलेल्या, आणि त्यांच्याकडे येणारे दिवस उलटे मोजावयाचे. या मोजणीत दोन्ही टोके धरतात; म्हणून १३ फेब्रुवारीच्या ईदूसपूर्वीचा ‘आठवा’ दिवस म्हणजे ६ फेब्रुवारी होय. ‘कालेंदाए’ हा शब्द ‘पुकारणे’ या अर्थाच्या धातूशी निगडित आहे. नवा महिना सुरू झाल्याचे पुरोहिताने जाहीर करावयाचे, ही त्यामागील मूळ प्रथा. म्हणजे येथे दिवसाला अर्थ येतो तो अधिकारी व्यक्तीच्या उच्चाराने. हीच गोष्ट ‘फास्ती’ आणि ‘नेफास्ती’ या दिवसांच्या प्रसिद्ध विभागणीतही दिसून येते. वारो या वैयाकरणाने ‘फास्ती’चा संबंध ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला आहे : ज्या दिवशी न्यायाधिकाऱ्याने निवाड्याची विहित वाक्ये उच्चारण्यास हरकत नाही तो फास्तुस, ज्या दिवशी ती उच्चारता येत नाहीत तो नेफास्तुस. १९१५ साली आंत्सिओ येथे सापडलेल्या, सीझरच्या सुधारणेपूर्वीच्या रंगविलेल्या पंचांगात प्रत्येक दिवसापुढे अशी अक्षरे मांडलेली आहेत. नेफास्तुस म्हणजे अशुभ, असा त्याचा मूळ अर्थ नव्हे. त्या दिवशी न्यायालय बंद, एवढाच. परंतु दुसऱ्या शतकातील ग्रंथकार आउलुस गेलिउस तक्रार करतो की सामान्य जन या दिवसांची आणि अपशकुनी दिवसांची गल्लत करतात. शब्दार्थाच्या इतिहासात शेवटी विजय त्या सामान्य जनांचाच झाला. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा जो वंशज आहे त्याला आज ‘घातक’ याखेरीज दुसरा अर्थ नाही.

रोमनांचे खरोखरचे अशुभ दिवस वेगळे होते. कालेंदाए, नोनाए व ईदूस यांच्या लगेच नंतरचे तिन्ही दिवस ‘काळे’ मानले जात. त्यांचे कारण म्हणून जी कथा सांगत ती अशी : गॉल लोकांनी अल्लिया नदीकाठी रोमन सेनेचा धुव्वा उडविला, त्यापूर्वी सेनानीने ईदूसच्या दुसऱ्या दिवशी यज्ञ केला होता, असेच इतरही पराभवांच्या बाबतीत घडल्याचे सिनेटला आढळून आले. कथा मागाहून रचलेली असेलही. येथे महत्त्वाचे ते हे की फेब्रुवारीत नोनाए पाच तारखेस येतात, आणि म्हणून भिंतीवरचा तो ६ फेब्रुवारी हा त्या काळ्या दिवसांपैकीच एक होय. टिपण लिहिणाऱ्याने याचा उल्लेख केलेला नाही. त्याला तो माहीत असणारच; पण बाजारास जाण्याच्या आड तो येत नसावा. एका दिवसाला न लिहिलेला पाचवा अर्थ असा चिकटलेला आहे.

‘नुंदिनाए’ या बाजाराच्या दिवसाविषयी मराठी वाचकास फार सांगावे लागू नये. शब्दात ‘नऊ’ आणि ‘दिवस’ हे दोन घटक आहेत, चक्र मात्र आठ दिवसांचे. कारण पुन्हा तेच, दोन्ही टोके धरून केलेली मोजणी. आपल्या ‘आठवडा’ या शब्दात ‘आठ’ उघड दिसतो आणि दिवस तर सातच असतात. या रविवारपासून पुढल्या रविवारपर्यंत दोन्ही रविवार धरून मोजले म्हणजे आठ भरतात. दोन्ही भाषांत ही मोजणी स्वतंत्रपणे रूढ झाली, एकीने दुसरीकडून घेतली असे समजण्याचे कारण नाही. बाजाराशी असलेला संबंधही तसाच समांतर आहे.

चंद्राच्या वयाची गणना या सर्वांत जुनी म्हणावयास हरकत नाही. गणित करून पाहता इ. स. ६० च्या ६ फेब्रुवारीस चंद्र पौर्णिमेच्या आसपासच होता, तेव्हा टिपणातील सोळा हा आकडा बरोबर जुळतो. शेतकरी लाकूडतोड, पेरणी, छाटणी यांसाठी चंद्रकला पाहत. हेसिअडच्या ग्रीक काव्याचा शेवटचा भाग महिन्यातील कोणता दिवस कशास योग्य याच विषयाला वाहिलेला आहे. याहून पद्धतशीर ग्रंथ मेसोपोटेमियात होते. बाबिलोनी दिनफलग्रंथांत महिन्याचे ७, १४, १९, २१ व २८ हे दिवस वाईट गणले असून त्या दिवशी राजाने रथात बसू नये, वैद्याने रोग्यास हात लावू नये, असे निर्बंध आढळतात. यातील १९ हा आकडा प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. परंतु मागील तीस दिवसांच्या महिन्यारंभापासून मोजल्यास तो एकोणपन्नासावा, म्हणजे सात सत्ते, ठरतो. इजिप्तमधील शुभाशुभ दिनांच्या पपायरसांत तर प्रत्येक दिवसाचे तीन भाग पाडून प्रत्येक भागापुढे बरे किंवा वाईट अशी खूण केलेली असते, आणि त्या दिवशी घडलेली देवकथा हे त्याचे कारण म्हणून दिलेले असते. बाबिलोनी व इजिप्ती या दोन्ही पद्धतींत दिवस महिन्याला किंवा वर्षाला बांधलेला आहे. सात दिवसांचे अखंड, चंद्राकडे न पाहता चालणारे चक्र त्यांत नाही. ते यहुदी लोकांच्या सब्बाथात होते, आणि रोमनांनी सब्बाथाला शनीचा दिवस म्हणून ओळखले.

आता ‘सूर्याचा दिवस’. पॉम्पेईच्याच भिंतींवर ग्रहवारांच्या याद्या सापडल्या आहेत, एक ग्रीक आणि एक लॅटिन. दोन्ही शनीपासून सुरू होतात. म्हणजे पहिल्या शतकात हे चक्र इटलीत सर्वसामान्यांच्या परिचयाचे होते. पण वारांचा क्रम असा का, हा प्रश्न तेव्हाही पडत असे. प्लुटार्कने त्यावर एक प्रकरण लिहिले होते. दैवदुर्विलास असा की त्याचा मथळा तेवढा शिल्लक राहिला आणि मजकूर नष्ट झाला. तिसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या कासिउस दिओने मात्र दोन उपपत्ती दिल्या आहेत. पहिली संगीतातील चतुर्थ स्वरांतरावर आधारलेली; ती बाजूस ठेवली तरी चालेल. दुसरी अशी : ग्रहांना मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत मांडावे, शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. अहोरात्राचे चोवीस भाग करून एकेक भाग क्रमाने एकेका ग्रहास द्यावा. चोवीसांत सात तीनदा जाऊन तीन उरतात. म्हणून पुढल्या दिवसाचा पहिला भाग क्रमातील चौथ्या ग्रहाकडे जातो. शनीनंतर सूर्य, सूर्यानंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. पहिल्या भागाचा स्वामी तोच दिवसाचा स्वामी.

ही उपपत्ती केवळ चातुर्याची नसून ऐतिहासिक पुराव्याच्या योग्यतेची आहे, कारण तिच्यात चक्राचे जन्मस्थान दडलेले आहे. बाबिलोनी लोक अहोरात्राचे बारा भाग करीत. बारा घेऊन तीच रीत चालविली तर शनीनंतर बुध येईल आणि आपला आठवडा उभाच राहणार नाही. चोवीस भाग, बारा दिवसाचे व बारा रात्रीचे, ही इजिप्तची विभागणी. शिवाय ज्या ग्रहक्रमाला ‘खाल्डियन’ म्हणतात तोही बाबिलोनी ग्रंथांतला नव्हे. उत्तरकालीन बाबिलोनी ज्योतिषात नेहमीचा क्रम गुरू, शुक्र, बुध, शनी, मंगळ असा आहे. गतीनुसार मांडणी ही ग्रीक भूमितीय विश्वरचनेची देणगी. सब्बाथाचे सात दिवस, इजिप्ती तास आणि ग्रीक गोलरचना या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या त्या हेलेनिस्टिक इजिप्तमध्ये. दिओनेही या प्रथेचे श्रेय इजिप्तकडेच दिले आहे.

येथे एक अडचण उभी राहते. आजच्या वारगणनेने मागे मोजीत गेल्यास इ. स. ६० चा ६ फेब्रुवारी हा रविवार नसून बुधवार येतो. चंद्र जुळतो, बाजार जुळतो असे मानू. वार मात्र जुळत नाही. मग मध्यंतरी वारांचे चक्र तुटले काय? तसे दिसत नाही. रोम येथील इ. स. २६९ च्या एका ख्रिस्ती शिलालेखात ५ नोव्हेंबर हा शुक्राचा दिवस म्हटला आहे, आणि गणितानेही तो शुक्रवारच येतो. पॉम्पेईच्या टिपणाचा उलगडा काही अभ्यासकांनी असा केला आहे की तेथे दिवसाचे नाव सूर्योदयाच्या भागावरून नव्हे तर सूर्यास्ताच्या भागावरून दिले असावे. पडताळून पाहता, बुधवारचा तेरावा भाग, म्हणजे रात्रीचा पहिला, सूर्याकडेच येतो. उपपत्ती मोहक आहे खरी. परंतु एका टिपणावर दुसरी संपूर्ण नामपद्धती उभारणे धाडसाचे होईल; लिहिणाऱ्याची साधी चूक झाली, ही शक्यता तितकीच जिवंत आहे. एवढे मात्र खरे, की दिवस कोठे सुरू होतो हे ठरल्यावाचून तो कोणाचा हे ठरत नाही.

ग्रहवार जेथे जेथे गेले तेथे त्यांच्या नावांचे भाषांतर झाले, आणि प्रत्येक भाषेने ते आपापल्या रीतीने केले. जर्मानिक लोकांनी देवाला देव शोधला : मंगळासाठी तिउ, बुधासाठी वोडेन, गुरूसाठी थोर, शुक्रासाठी फ्रिग. शनीला जोड मिळाली नाही म्हणून इंग्रजीत तो तसाच राहिला. ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांना ही दैवते खटकत. त्यांचा निग्रह पोर्तुगीज भाषेत यशस्वी झाला, तेथे वार आकड्यांनी ओळखले जातात.

संस्कृतची रीत याहून निराळी आहे. ‘वार’ याचा मूळ अर्थ पाळी. ‘वारंवार’ यात तो अजून शाबूत आहे. एकामागून एक ग्रहाने घेतलेली पाळी, हा अर्थ वर सांगितलेल्या गणिताशी चांगला जुळतो. शनैश्चर हे नाव कोणत्याही परकीय देवाचे भाषांतर नसून ग्रहाच्या मंदगतीचे वर्णन आहे. शुक्राच्या बाबतीत तर लिंगच पालटले. इश्तार, आफ्रोदिती, व्हीनस अशी जी परंपरेने स्त्रीदेवता, तिच्या जागी असुरांचे आचार्य आले. पण फलज्योतिषाने जुनी आठवण सोडली नाही : वराहमिहिराच्या बृहज्जातकात शुक्र आणि चंद्र हे स्त्रीग्रहच गणले आहेत. व्याकरण पुल्लिंगी, फल स्त्रीलिंगी, अशी ही विसंगती उसन्या विद्येच्या वाटेवरचा मागोवा म्हणून अभ्यासण्याजोगी आहे.

स्वतः ‘होरा’ हा शब्दही त्याच वाटेने आला. ग्रीक ‘होरा’ म्हणजे तास. वराहमिहिर मात्र ‘अहोरात्र’ शब्दाचे आद्य व अंत्य अक्षर गाळून तो सिद्ध करणारे मत नमूद करतो. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रदृष्ट्या टिकणारी नाही, कारण केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, जामित्र असा सगळाच परिभाषावर्ग ग्रीक आहे; एकट्या होरेला संस्कृत जन्म देऊन भागत नाही. तरीही तिची टवाळी करू नये. परकीय शब्द घरात इतका रुळला होता की त्याचे मूळ घरातच शोधावेसे वाटले, हे तिच्यावरून कळते. आर्यभटाने तर चौथ्या ग्रहाचा नियम, सूर्योदयाच्या आरंभासह, एका आर्येत बसविला आहे.

वैदिक वाङ्मयात आणि वेदांगज्योतिषात तिथी व नक्षत्रे आहेत, ग्रहवार नाहीत. अशोकाच्या स्तंभलेखांत तिष्य व पुनर्वसू या नक्षत्रांचे दिवस आणि उपोसथाचे दिवस सांगितले आहेत. तेथेही वार नाही. भारतातील वारयुक्त कालनिर्देशाचा सर्वांत जुना निश्चित लेख म्हणून सामान्यतः एरण येथील स्तंभलेख दाखविला जातो. बुधगुप्ताच्या राज्यात मातृविष्णू व धन्यविष्णू या बंधूंनी तो स्तंभ उभारला. गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, सुरगुरूचा दिवस. हा दिवस इ. स. ४८४ चा २१ जून होय आणि तो गुरुवारच येतो. तिथी आणि वार ही दोन स्वतंत्र चक्रे असल्यामुळे एकीची परीक्षा दुसरीने घेता येते. पुढील शतकांतील ताम्रपटांच्या कालनिर्णयात हीच कसोटी लावली जाते. आणि एखाद्या दानपत्रात शककाळाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील वर्ष देऊन बिनदिक्कत सोमवार लिहिलेला असेल, तर त्याच्या अस्सलपणाविषयीची चौकशी अक्षरवटिकेच्या आधी त्या एका शब्दापासून सुरू करावी.