विज्ञानाची खबर आणि आपली वस्ती

२३ मे २०२४ रोजी दुपारी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्स या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा मी कल्याणला घरी होतो. तासाभरात माझ्या मोबाइलवर पंधरा-वीस संदेश आले. कुणी लिहिले होते, विषारी वायू ठाण्यापर्यंत पोचला आहे. कुणी सांगत होते, ओला रुमाल नाकाला बांधला की काही होत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील त्याच वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला. त्याने फोन करून विचारले, "सर, यातले खरे काय धरायचे?" मला उत्तर देता आले नाही. विद्यापीठाची पदवी, वर शिकवण्याची नोकरी, आणि तरी मी त्याच्याइतकाच अंधारात होतो.

आमच्या घरात छापील कागद यायचा तो वाण्याच्या पुडीतून. ज्ञानाचा दरवाजा बंद असण्याचे दुःख आपल्या आधीच्या पिढ्यांनी भोगले. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, हे आपण जाणतो. आज इंटरनेटवर आपल्याला कुणी अडवत नाही. पण आत शिरल्यावर कुणाचे ऐकायचे हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही, आणि त्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही मोबाइलवरून पसरलेली अफवा त्याला पुरली. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी माणसेच त्या अफवेला सापडली. तेव्हा हा विषय शिकलेल्यांच्या करमणुकीचा आहे असे कुणी समजू नये.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. सांगणाऱ्याला ही गोष्ट कळणे शक्य तरी होते का, हे मी हल्ली आधी पाहतो. स्फोटाच्या दिवशी मृतांचा नक्की आकडा कुणालाच माहीत असणे शक्य नव्हते. तो पुढे दिवसागणिक वाढत गेला, कारण मृतदेह ओळखण्यापलीकडे गेलेले होते. म्हणून "आतापर्यंत इतके सापडले" असे वेळेसह लिहिणारे वर्तमानपत्र अधिक भरवशाचे. छातीठोक मोठा आकडा देणारा संदेश नव्हे. ज्याला आपल्या माहितीची मर्यादा सांगता येते त्याच्यावर मी थोडा जास्त विश्वास ठेवतो.

हवेचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या 'समीर' या अ‍ॅपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक मिळतो. ही माहिती अधिकृत आहे, फुकट आहे, आणि ती पाहावीच. पण ती वाचायची कशी, हे कुणी सांगत नाही. हा निर्देशांक आठ घटकांवरून काढतात: दोन प्रकारची सूक्ष्म धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. रासायनिक कारखान्यातल्या द्रावकांची वाफ या यादीत नाही. म्हणजे पडद्यावर हिरवा रंग असतानाही कारखान्याच्या फाटकाशी डोळे चुरचुरू शकतात. शिवाय रंगांची मापे प्रत्येकाची वेगळी. अगदी बारीक धूळ, जिला पीएम २.५ म्हणतात, ती दर घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असली तरी आपल्याकडे हवा 'समाधानकारक' ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा १५ आहे. हवा तीच, पण त्यांच्या मापाने चौपट घाण. दोन्ही आकडे खरे आहेत; कोणता आकडा कुणी आणि कशासाठी ठरवला हे विचारल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

डोंबिवलीकरांनी २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पाहिला, २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता पाहिला. यंत्र बोलण्याआधी माणसांनी पाहिले. वस्तीतल्या बाईने वास येतो म्हटले तर तीही एक नोंदच आहे. फक्त तिला तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा जोडून वहीत लिहिले पाहिजे.

वैद्यकाच्या बातम्यांत फसगत अधिक होते, कारण तिथे "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले" हे शब्द पुढे केले जातात. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील काही संशोधकांनी कोरोनाच्या विषाणूत एचआयव्हीशी मिळतेजुळते तुकडे असल्याचा लेख इंटरनेटवर ठेवला. इतर तज्ज्ञांनी अद्याप न तपासलेला हा कच्चा मसुदा होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी चुका दाखवल्या आणि दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. मागे घेतल्याची बातमी मात्र वस्तीपर्यंत पोचली नाही. मी ती अफवा २०२१ मध्येही चहाच्या टपरीवर ऐकली. बरे, तपासून छापलेलेही अंतिम नसते. गोवराच्या लशीमुळे मुले स्वमग्न होतात असे सुचवणारा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'सारख्या नामवंत नियतकालिकात आला होता. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता, आणि २०१० मध्ये रद्द झाला. २०२२ मध्ये गोवंडीत आणि आपल्या शेजारी भिवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लस न घेतलेली मुले तिच्यात मोठ्या संख्येने सापडली. त्यामागे कोरोनाकाळात चुकलेले लसीकरण होते, गरिबी होती, आणि लशीविषयीची भीतीही होती. म्हणून निबंधाचे नाव मिळाले की तो 'पबमेड'वर शोधावा. रद्द झाला असेल तर तिथे तसे लिहिलेले असते. किती माणसांवर प्रयोग झाला, पैसा कुणी दिला, एवढे तरी वाचावे.

अडचण भाषेची आहे, हे मान्य. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे, परंतु जुन्या खंडांतील नोंदीचे साल पाहून घ्यावे. प्लूटो २००६ पर्यंत ग्रहांत मोजला जाई. भारताच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात पुस्तके मिळतात. परदेशी नियतकालिके सरकारी संस्थांना खुली करणारी योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. आपले महाविद्यालय तिच्यात येते का, हे ग्रंथपालांना विचारावे. विचारायला लाजू नये. मी लाजत होतो.

आणि जे इंटरनेटवर सापडत नाही ते मागावे लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला जे संमतीपत्र देते त्यात काय बनवायचे, किती सांडपाणी सोडायचे याच्या मर्यादा असतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांत अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या विद्यार्थ्याने वडिलांच्या कारखान्यासाठी असा अर्ज लिहायला घेतला आहे. वडिलांना नोकरीची धास्ती वाटते, म्हणून तो अर्ज सध्या माझ्या नावाने लिहिला जातो आहे.