उत्सर्जन-मानके आणि तंत्राची मर्यादा

कारखान्याच्या धुरांड्यातून बाहेर पडणाऱ्या अपायकारक वायूंवर कायद्याने मर्यादा घालावयाची, तर ती दोन प्रकारे घालता येते. हवा किती शुद्ध असावी हे प्रथम ठरविणे हा एक प्रकार. उपलब्ध तंत्राने उत्सर्जन किती घटविता येईल हे पाहून मर्यादा ठरविणे हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे तंत्राधिष्ठित मानकांचे गुणदोष इंग्लंडमधील सोड्याच्या कारखान्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

लेब्लां पद्धतीत प्रथम मिठावर सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया करीत. तीत 117 भाग मिठापासून 73 भाग, म्हणजे 100 टनांमागे सुमारे 62 टन, हायड्रोक्लोरिक आम्लवायू निघतो. सेंट हेलेन्ससारख्या गावांच्या आसमंतातील झाडे व पिके या वायूने करपत. कोक वा काटक्या भरलेल्या मनोऱ्यात वरून पाणी सोडून तो शोषून घेण्याची युक्ती विल्यम गॉसेज याने 1836 मध्येच काढली होती. परंतु उपाय ज्ञात असणे निराळे आणि तो सर्वत्र योजला जाणे निराळे. अखेर 1863 च्या अल्कली कायद्याने किमान 95 टक्के वायू शोषून घेण्याचे बंधन घातले. साधन कोणते वापरावे हे मात्र कारखानदारावर सोपविले. रॉबर्ट अँगस स्मिथ हा या कायद्याखालील पहिला निरीक्षक होय.

या मानकातील उणीव साध्या गणिताने कळते. 100 टन मिठामागे 5 टक्के, म्हणजे सुमारे 3 टन वायू मोकळा सुटणारच. उत्पादन दुप्पट झाले की तो 6 टन होतो आणि तरीही कायद्याचा भंग होत नाही! म्हणून 1874 मध्ये एका घनफुटास पंचमांश ग्रेन (एका घनमीटरास सुमारे 460 मिलिग्रॅम) ही संहतीची मर्यादा जोडण्यात आली. तथापि, केवळ संहती मोजली, तर जादा हवा मिसळून वायू विरळ करण्याची पळवाट राहते. त्याच कायद्याने इतर अपायकारक वायूंसाठी ‘व्यवहार्य असे सर्वोत्तम उपाय’ योजण्याचे तत्त्व आणले. तंत्र सुधारेल तसे मानक उंचावावे, हे त्याचे बळ. ‘व्यवहार्य’ या शब्दात खर्चाचा विचार शिरतो, ही त्याची दुर्बलता.

अमेरिकेने 1977 च्या दुरुस्तीत या प्रश्नाची उकल स्थलपरत्वे केली. जेथे हवा विहित दर्जाहून निकृष्ट असेल, तेथील मोठ्या नव्या कारखान्यांना साध्य असलेला नीचतम उत्सर्जन-दर लागू होतो व खर्चाची सबब चालत नाही. तेथील जुन्या कारखान्यांना वाजवी खर्चात होणारे नियंत्रण पुरते. जेथे हवा चांगली असेल, तेथे मोठ्या नव्या कारखान्यासाठी ऊर्जा, पर्यावरण व खर्च यांचा प्रकरणपरत्वे विचार करून सर्वोत्तम उपलब्ध तंत्र ठरविले जाते.

सारांश, तंत्राधिष्ठित मानक धुरांड्याचे मोजमाप करते. गावातील माणूस श्वासावाटे किती वायू घेतो, ते सांगत नाही. शिवाय इंग्लंडात शोषलेले आम्ल पुष्कळदा ओढ्यांत सोडले जाई. म्हणून असे मानक हवेच्या, आणि पाण्याच्याही, गुणवत्तेच्या मानकाशी जोडलेले असणे अवश्य ठरते.