डी-डायमर आधी की संशय आधी?

कोविडच्या काळात डी-डायमर हे नाव घराघरांत पोचलं. तेव्हापासून दम लागला की काही जण परस्पर ही तपासणी करून घेतात आणि रिपोर्ट घेऊनच दवाखाना गाठतात. फुफ्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली आहे का, म्हणजे पल्मनरी एम्बोलिझम आहे का, हे शोधताना हा क्रम उलटा पडतो.

गैरसमज : डी-डायमर वाढलं म्हणजे गुठळी झालीच.

वस्तुस्थिती : ते गरोदरपणात, जंतुसंसर्गात, कर्करोगात, शस्त्रक्रियेनंतर आणि नुसत्या वयानेही वाढतं. त्याचं खरं काम गुठळी नाकारण्याचं. तेही मुळात संशय कमी असेल तरच. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा धरता येते. ७२ वर्षांच्या आजोबांना ५०० ऐवजी ७२०. हे आकडे एफईयू या एककातले. काही लॅब डीडीयूमध्ये रिपोर्ट देतात, तिथे ते साधारण निम्मे होतात. एकक न वाचता घाबरू नये, निर्धास्तही राहू नये.

गैरसमज : संशय किती, हे डॉक्टर नुसतं मनाने ठरवतात.

वस्तुस्थिती : कॅनडातले डॉ. फिलिप वेल्स यांच्या नावाचा गुणतक्ता त्यासाठी वापरतात. पायात गुठळीची लक्षणं असतील तर ३ गुण. नाडी शंभरावर, पूर्वी झालेली गुठळी, गेल्या चार आठवड्यांतली शस्त्रक्रिया किंवा किमान तीन दिवस अंथरुणाला खिळणं, यांना प्रत्येकी दीड. खोकल्यातून रक्त आणि कर्करोग, प्रत्येकी १. शिवाय ‘इतर आजारांपेक्षा हाच जास्त संभवतो’ असं डॉक्टरांना वाटलं, तर तब्बल ३! मनाचा कौल असा उघडपणे हिशेबात धरलेला अनेकांना खटकतो. मला तो तक्त्याचा प्रामाणिकपणा वाटतो. बेरीज ४ पर्यंत असेल तर डी-डायमर, त्यापुढे गेली तर थेट सीटी अँजिओ.

गैरसमज : ऑक्सिजन ९८ आहे, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : वेल्सच्या तक्त्यात ऑक्सिजनला जागाच नाही. गुठळी असूनही तो नॉर्मल राहू शकतो.

गैरसमज : त्यापेक्षा सगळ्यांचाच सीटी काढावा.

वस्तुस्थिती : २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायोपेड-२ या अमेरिकी अभ्यासात, संशय कमी असताना सीटीत गुठळी ‘दिसलेल्यां’पैकी ५८ टक्क्यांनाच ती खरोखर होती. उरलेल्यांच्या वाट्याला रक्त पातळ करणारी औषधं आणि रक्तस्रावाचा धोका फुकटच आला असता. उलट, संशय दाट असताना सीटी स्वच्छ आलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना गुठळी निघाली. म्हणून अशा रुग्णाला स्वच्छ सीटीनंतरही पायांची डॉप्लर सोनोग्राफी करायला सांगतात.